सल्ला सदर : वार्प ड्राइव्हवर पोस्टर करायचंय, विषय बदलू का?

पत्र : मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. यंदाच्या ‘आविष्कार’ या विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेसाठी मला वार्प ड्राइव्हवर, म्हणजे अवकाश वाकवून यानाला प्रकाशाहून वेगानं नेण्याच्या कल्पनेवर, पोस्टर करायचं आहे. ‘नासानं खरा वार्प बबल बनवला’ असं एका व्हिडिओत पाहिलं आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. आमचे सर म्हणतात, प्रकाशापेक्षा जास्त वेग शक्यच नाही, दुसरा विषय घे. वडील म्हणतात, पोटापाण्याला उपयोगी पडेल असं काही कर. मला एवढंच विचारायचं आहे, की हे निदान तत्त्वतः तरी शक्य आहे का, ऊर्जा किती लागेल, आणि यात पुढे शिकण्यासारखं काही आहे का? — एक विद्यार्थिनी, सेलू

उत्तर : विषय बदलू नकोस. सर सांगतात तेही खरं आहे, पण ते आइन्स्टाइनच्या विशिष्ट सापेक्षतेचं उत्तर झालं. कोणतीही वस्तू तिच्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशकिरणाला मागे टाकू शकत नाही, हा नियम वार्प ड्राइव्हही मोडत नाही. मात्र अवकाश स्वतःच ताणलं किंवा आकसलं, तर दोन ठिकाणांमधलं अंतर किती वेगानं बदलावं याला व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या सिद्धांतात, मर्यादा नाही. विश्वाच्या प्रसरणामुळे फार दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशवेगाहून जास्त वेगानं लांब जात आहेत, हे आज पाठ्यपुस्तकात शिकवतात. मेक्सिकोचे मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये याच मोकळीकीचा उपयोग केला. यानाभोवती अवकाशाचा एक बुडबुडा कल्पायचा. त्याच्या पुढचं अवकाश आकसतं, मागचं पसरतं आणि आतलं सपाट राहतं. आतलं यान मुक्तपतनात असतं, म्हणून प्रवाशाला झटका बसत नाही. त्याचं घड्याळही पृथ्वीवरच्या घड्याळाच्या बरोबरीनं चालतं. प्रकाशाच्या दसपट वेगानं ४.२५ प्रकाशवर्षं दूर असलेल्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याला १५५ दिवसांत पोहोचता येईल. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या व्हॉयेजर-१ ला तेवढ्याच अंतरासाठी ७५ हजार वर्षं लागतील.

आता नीट वाच, कारण व्हिडिओंमध्ये नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते. आइन्स्टाइनच्या समीकरणांत एका बाजूला अवकाश-कालाची वक्रता असते आणि दुसऱ्या बाजूला पदार्थ व ऊर्जा. नेहमीच्या कामात आपण पदार्थ ठरवतो आणि वक्रता काढतो. अल्कुबिएरे यांनी उलट केलं. आधी हवी ती वक्रता लिहिली आणि मग ती निर्माण करायला कोणता पदार्थ लागेल ते काढलं. अशा पद्धतीनं कोणत्याही मनाजोग्या भूमितीला ‘उत्तर’ मिळतं. म्हणून ‘आइन्स्टाइनच्या समीकरणांतून वार्प ड्राइव्ह निघतो’ हे वाक्य खरं असलं, तरी त्यातून शक्यता सिद्ध होत नाही. खरा प्रश्न असा, की समीकरणानं मागितलेला पदार्थ निसर्गात मिळतो का? तुझ्या पोस्टरचा मथळा याच प्रश्नाभोवती असू दे.

समीकरण मागतं ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जाघनता. ही ऊर्जा कुठे लागते, याबाबत बहुतेक पोस्टर चुकतात. पुढे निळा खड्डा आणि मागे लाल टेकडी असं जे प्रसिद्ध चित्र असतं, ते अवकाशाच्या आकुंचन-प्रसरणाचं आहे, ऊर्जेचं नाही. ऋण ऊर्जा प्रवासाच्या अक्षावर, म्हणजे नाकासमोर आणि शेपटीमागे, शून्य असते. ती यानाच्या कमरेभोवती कड्यासारखी जमा होते. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लाव आणि खाली मोठ्या अक्षरांत लिही, की ही दोन वेगळी आहेत. पोर्तुगालचे जोझे नातारियो यांनी २००२ मध्ये आकुंचन-प्रसरण मुळीच नसलेला वार्प बुडबुडाही लिहून दाखवला आहे. पुढे आकसणं आणि मागे पसरणं हा या कल्पनेचा गाभा नव्हे, हे त्यावरून कळतं.

ऊर्जेचं गणित

हे तुला स्वतः करता येईल. थर्माकोलचं यान आणि त्यात एलईडी लावण्यापेक्षा याला कितीतरी जास्त किंमत आहे. बुडबुड्याची भिंत, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या अवकाशामधला पट्टा, सरळ उताराची धरली, तर लागणारी ऊर्जा, वस्तुमानाच्या भाषेत, अशी येते :

वस्तुमान (किलोग्रॅम) = −(१/१२) × (वेग ÷ प्रकाशवेग)चा वर्ग × (त्रिज्येचा वर्ग ÷ भिंतीची जाडी, मीटरमध्ये) × १.३५ × १०चा २७वा घात

शेवटचा आकडा म्हणजे प्रकाशवेगाचा वर्ग भागिले गुरुत्व स्थिरांक. मीटरमधलं उत्तर किलोग्रॅममध्ये आणायला तो लागतो. बुडबुड्याची त्रिज्या १० मीटर, भिंत १ मीटर जाड आणि वेग प्रकाशाइतका घे. आधी ८.३३ मीटर येतील, आणि त्याचे सुमारे १.१ × १०चा २८वा घात किलोग्रॅम होतील, म्हणजे जवळजवळ सहा गुरू ग्रह, तेही ऋण चिन्हाचे. वेग दसपट केलास की ऊर्जा शंभरपट होते आणि आकडा सूर्याच्या निम्म्या वस्तुमानापलीकडे जातो. वेग प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्यावर आणला तरी एकोणीसेक पृथ्वी लागतात. हा शेवटचा आकडा पोस्टरवर जरूर टाक. अशा बुडबुड्यात प्रकाशाहून बऱ्याच कमी वेगातही ऋण ऊर्जेची मागणी सुटत नाही, हे फ्रान्सिस्को लोबो आणि मॅट विसर यांनी २००४ मध्ये दाखवलं आहे, आणि अनेकांचा गैरसमज नेमका इथेच असतो.

यापुढे जाऊन अल्कुबिएरे यांचं मूळ आकारफल, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरानुसार भिंत कशी उतरते ते सांगणारं फंक्शन, वापरायचं असेल, तर ते असं आहे :

फल = [टॅनएच(सिग्मा × (अंतर + त्रिज्या)) − टॅनएच(सिग्मा × (अंतर − त्रिज्या))] ÷ [२ × टॅनएच(सिग्मा × त्रिज्या)]

टॅनएच हे फंक्शन एक्सेलमध्ये आणि गुगल शीटमध्ये तयार मिळतं. त्रिज्या १० आणि सिग्मा २ ठेव. म्हणजे भिंत साधारण १ मीटरची होते, कारण जाडी अंदाजे २ भागिले सिग्मा असते. पहिल्या रकान्यात ० ते २० मीटर अंतर, ०.०५ मीटरच्या पायरीनं. दुसऱ्यात फल. तिसऱ्यात फलाचा उतार, म्हणजे पुढची किंमत वजा मागची किंमत, भागिले दोन पायऱ्या. चौथ्यात उताराचा वर्ग गुणिले अंतराचा वर्ग. चौथ्या रकान्याची बेरीज करून तिला पायरीनं गुण आणि १२ नं भाग. उत्तर साधारण ५.६ मीटर आलं पाहिजे, म्हणजे ७.५ × १०चा २७वा घात किलोग्रॅम, चारेक गुरू.

वरच्या सूत्रानं ८.३३ मीटर दिले होते आणि इथे ५.६ आले म्हणून घाबरू नकोस. टॅनएचची भिंत गुळगुळीत असते आणि तिच्यासाठी उत्तर सरळ उताराच्या भिंतीच्या दोन-तृतीयांशच येतं. खरी चूक वेगळीच होते. पायरी १ मीटरची ठेवून उताराचं अचूक सूत्र वापरलं, तर भिंतीत जेमतेम एक बिंदू पडतो आणि उत्तर ८.४ येतं. ते सरळ भिंतीच्या ८.३३ शी इतकं जुळतं, की बरोबर आल्याचा भास होतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. पायरी निम्मी कर, पुन्हा निम्मी कर. उत्तर हलायचं थांबलं तरच त्यावर विश्वास ठेव. परीक्षकानं ‘हे बरोबर कशावरून?’ असं विचारलं, तर याच तीन-चार पायऱ्यांचा तक्ता पुढे कर.

आकुंचन-प्रसरणाच्या आलेखासाठी वेग × (प्रवासाच्या दिशेतलं अंतर ÷ केंद्रापासूनचं अंतर) × उतार, एवढंच सूत्र आहे. पुढच्या बाजूला ऋण आणि मागे धन यायला हवं. उलटं आलं, तर उताराचं चिन्ह तपास. केंद्रावर शून्यानं भागाकार होतो, म्हणून जाळीचा एकही बिंदू नेमका केंद्रावर येऊ देऊ नकोस.

भिंत जाड का करत नाहीत?

सूत्रात जाडी खाली आहे. भिंत जाड केली की ऊर्जा कमी होते, मग ती हवी तेवढी जाड करावी, असं कुणालाही वाटेल. इथे क्वांटम सिद्धांत आडवा येतो. त्यात ऋण ऊर्जेला थोडी मुभा आहे, पण लॉरेन्स फोर्ड यांनी १९७८ पासून मांडलेल्या मर्यादेनुसार ती जितकी तीव्र, तितकी ती टिकण्याची मुदत लहान. मुदत दुप्पट हवी असेल, तर तीव्रता सोळाव्या हिश्श्यावर आणावी लागते. मायकेल फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ मध्ये ही मर्यादा अल्कुबिएरे बुडबुड्याला लावली, तेव्हा प्रकाशवेगाच्या आसपास भिंत प्लांक लांबीच्या काहीशे पटींपेक्षा जाड ठेवताच येईना. प्लांक लांबी १.६ × १०चा उणे ३५वा घात मीटर. एवढ्या पातळ भिंतीची जाडी तुझ्या सूत्रात घालून बघ. १०० मीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी आकडा सगळ्या दृश्य विश्वाच्या वस्तुमानाच्या सुमारे १० अब्ज पट निघतो.

हा आकडा खाली आणायचे प्रयत्न झाले आहेत. ख्रिस व्हान डेन ब्रोक यांनी १९९९ मध्ये बाहेरून अणुकेंद्राएवढा आणि आतून मोठा असा बुडबुडा सुचवला आणि मागणी काही सूर्यांवर आणली. तरीही चिन्ह ऋणच राहिलं. केन ओलम यांनी १९९८ मध्ये त्याचं कारण सर्वसाधारण स्वरूपात दाखवलं, आणि त्याच्या मुळाशी आपल्या कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण आहे. साधा पदार्थ जवळून जाणाऱ्या प्रकाशकिरणांना एकमेकांकडे ओढतो. वाट जवळची करायची तर किरण पसरायला हवेत, आणि त्यासाठी ऋण ऊर्जा टाळता येत नाही. ऋण ऊर्जेचा विचार आपल्याकडे परका नाही. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात स्थिर विश्वासाठी मांडलेल्या सी-फील्डची, म्हणजे नवा पदार्थ निर्माण करणाऱ्या कल्पित क्षेत्राची, ऊर्जाही ऋणच होती. परीक्षकांपैकी कुणीतरी ते वाचलेलं असण्याची शक्यता आहे, तयारीत ठेव.

नासाच्या बातमीचं काय?

ती बातमी २०२१ च्या एका शोधनिबंधावरून उठली. हॅरॉल्ड व्हाइट पूर्वी नासात होते, तिथे त्यांनी वार्पवर कामही केलं होतं. निबंध लिहिताना मात्र ते नासा सोडून लिमिटलेस स्पेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. कॅसिमिर परिणामाचा, म्हणजे अगदी जवळ आणलेल्या धातूंच्या पृष्ठभागांमधल्या ऋण ऊर्जेचा, अभ्यास करताना, ४ मायक्रॉन व्यासाच्या नळकांड्यात १ मायक्रॉनचा गोल ठेवला तर ऊर्जेची मांडणी अल्कुबिएरे यांच्या कड्यासारखी दिसेल, असं त्यांच्या संगणकी गणितात आलं. बुडबुडा कुणी बनवला नाही, कुणी मोजलाही नाही. आकार सारखा दिसला, एवढीच ती गोष्ट आहे.

कॅसिमिर परिणाम स्वतः मात्र अस्सल आहे. त्याचं भाकीत १९४८ चं आणि स्टीव्ह लॅमोरो यांचं नेटकं मापन १९९७ चं. दोन धातूंच्या पट्ट्या १० नॅनोमीटरवर आणल्या, तर मधली ऊर्जाघनता दर घनमीटरला सुमारे उणे ४३ हजार ज्यूल होते. तुझ्या १० मीटरच्या बुडबुड्याला दर घनमीटरला १०च्या ४१व्या घाताएवढे ज्यूल लागतात. तफावत ३७ शून्यांची. शिवाय त्या पट्ट्यांचं स्वतःचं वस्तुमान धन असतं आणि ते मधल्या ऋण ऊर्जेला सहज बुडवून टाकतं. पोस्टरवर हे दोन आकडे एकाच घातांकी पट्टीवर दाखव, बघणाऱ्याला समजावून सांगायला शब्द लागणार नाहीत.

ऊर्जा मिळाली तरी

समज, ऋण ऊर्जा कुठूनतरी आली. तरी तीन अडचणी उरतात. पहिली सुकाणूची. प्रकाशाहून वेगवान बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत यानातून कोणताच संदेश पोहोचत नाही. सर्गेई क्रास्निकोव्ह यांनी १९९० च्या दशकात हे पुढे आणलं. म्हणजे यानाला बुडबुडा सुरू करता येत नाही, वळवता येत नाही, थांबवताही येत नाही. वाटेवरची सगळी सामग्री कुणीतरी आधीच जाऊन मांडलेली हवी, आणि मांडणारा प्रकाशाहून कमी वेगानंच जाणार. आपल्या नगर–बीड–परळी मार्गासारखंच हे. रूळ टाकणारे गाडीच्या वेगानं पुढे सरकत नाहीत, आणि रूळ टाकून झाल्याशिवाय पहिली गाडी धावत नाही.

दुसरी अडचण उष्णतेची. स्टेफानो फिनात्सी, स्टेफानो लिबेराती आणि कार्लोस बार्सेलो यांनी २००९ मध्ये क्वांटम परिणाम धरून हिशोब केला. बुडबुड्याच्या आत कृष्णविवराच्या हॉकिंग प्रारणासारखं प्रारण तयार होतं, भिंत जितकी पातळ तितकं ते तापतं, आणि पुढच्या भिंतीवर ऊर्जा घातांकी वेगानं साठत जाऊन सगळी रचना अस्थिर होते. तिसरी अडचण कालक्रमाची. ॲलन एव्हरेट यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की असे दोन बुडबुडे विरुद्ध दिशांनी नीट जुळवून पाठवले, तर निघण्याच्या आधी परत येता येतं. अनेक भौतिकशास्त्रज्ञांच्या मते एवढंच कारण हा मार्ग बंद मानायला पुरेसं आहे. हे मत झालं, सिद्धता नव्हे. पोस्टरवर तो फरक पुसू नकोस.

नवं कामही बघ. २०२१ मध्ये एरिक लेंट्झ यांनी धन ऊर्जेत प्रकाशाहून वेगवान बुडबुडा जमतो असा दावा केला. विसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून, अशा सगळ्या रचना ऊर्जेची किमान अट (ढोबळमानानं, ऊर्जा ऋण नसावी ही) मोडतात, असं दाखवलं. त्याच वर्षी ॲलेक्सी बोब्रिक आणि जियानी मार्तिरे यांनी प्रकाशाहून मंद, पण धन ऊर्जेचा वार्प शक्य आहे असं मांडलं. २०२४ मध्ये जॅरेड फुक्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं ठोस उदाहरण दिलं : आतली त्रिज्या १० मीटर, बाहेरची २० मीटर, आणि त्या कवचात सव्वादोन गुरूंहून जास्त वस्तुमान. हे उत्तर स्थिर वेगाचं आहे. त्या कवचाला गती द्यायला शेवटी साधंच रॉकेट लागणार. तरीसुद्धा हे काम मोलाचं आहे, कारण त्यात ऋण ऊर्जा नाही. ‘तत्त्वतः शक्य आहे का?’ या तुझ्या प्रश्नाचं आजचं उत्तर असं : प्रकाशाहून मंद वार्प गणितात बसतो, त्याची किंमत ग्रहांच्या वस्तुमानाएवढी आहे. प्रकाशाहून वेगवान वार्पला ऋण ऊर्जा लागतेच, आणि ती हव्या त्या प्रमाणात मिळण्याचा कोणताही मार्ग ज्ञात भौतिकशास्त्रात नाही.

औंढ्याचा संबंध

तुझ्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातल्या लहरी, टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. ४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये. अमेरिकेतल्या लायगो यंत्रांत २०१९ पासून ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरतात. निर्वाताचा क्वांटम गोंगाट एका बाजूनं दाबून मापन अधिक नेमकं करायची ही युक्ती आहे. अशा अवस्थेत ऊर्जाघनता क्षणभर शून्याखाली जाते, आणि फोर्ड यांच्या मर्यादा नेमक्या तिलाच लागू होतात. म्हणजे ज्या भौतिकशास्त्रामुळे वार्प अडतो, तेच गुरुत्वलहरी पकडायला रोज कामाला येतं.

दुसरा दुवा २०२४ चा. केटी क्लफ, टिम डीट्रिच आणि सेबॅस्टियन खान यांनी वार्प बुडबुडा कोसळला तर कोणती गुरुत्वलहर निघेल ते संगणकावर काढलं. १ किलोमीटरच्या यानासाठी वारंवारता ३०० किलोहर्ट्झच्या आसपास येते. लायगोची कानशक्ती साधारण १० हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंत. वारंवारता ढोबळमानानं प्रकाशवेग भागिले यानाचा आकार एवढी असते. मग ३ किलोहर्ट्झला ऐकू यायचं, तर बुडबुडा १०० किलोमीटरचा हवा. हे एका ओळीचं गणित पोस्टरच्या शेवटच्या चौकटीत घाल. ‘याचा मराठवाड्याशी काय संबंध?’ असं विचारणाऱ्याला ते दाखवता येईल.

वडिलांच्या प्रश्नाबद्दल

त्यांची काळजी रास्त आहे, आणि ‘वार्प ड्राइव्हमध्ये करिअर’ अशी गोष्ट नाही, हे त्यांना तूच आधी सांग. या विषयावर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचं रोजचं काम कृष्णविवरं, गुरुत्वलहरी, क्वांटम क्षेत्र किंवा संगणकी सापेक्षता हे आहे. ते शिकताना हाती येणारं संख्यात्मक गणित, पायथन, संदेशप्रक्रिया आणि प्रकाशयंत्रं यांना प्रयोगशाळेबाहेरही पगार मिळतो.

या वर्षी रेषीय बीजगणित पक्कं कर आणि टेन्सरची ओळख करून घे. त्याशिवाय व्यापक सापेक्षता नुसती गोष्ट म्हणून वाचली जाते. एक्सेलमधलं वरचं गणित पायथनमध्ये पुन्हा कर. मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर मिळत असेल, तर ‘वार्प फॅक्टरी’ नावाचं मोफत साधन उतरवून घे. दिलेल्या वार्प भूमितीत ऊर्जेच्या अटी कुठे मोडतात ते ते नकाशावर दाखवतं. एम.एस्सी.साठी आयआयटीची ‘जॅम’ परीक्षा फेब्रुवारीत असते. तिचे अर्ज साधारण सप्टेंबरपासून सुरू होतात, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तारीख बघून ठेव. पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग आणि सुट्टीतले प्रकल्प चालवते. तिथे अर्ज करताना हाच तक्ता आणि हे आलेख सोबत जोड, पायरी बदलून केलेली तपासणीही त्यातच असू दे.

सरांना पोस्टरचा कच्चा आराखडा आधी दाखव आणि मार्गदर्शक म्हणून त्यांचंच नाव घाल. ‘प्रकाशाहून वेग शक्य नाही’ हे त्यांचं वाक्य पहिल्या चौकटीत घे, विशिष्ट सापेक्षतेचा नियम म्हणून.